काच वेगळी, पडदा वेगळा

मोबाइलचा पडदा फुटला की दुकानदार एकच शब्द बोलतो, 'कॉम्बो'. कॉम्बो गेला, कॉम्बो बदलावा लागेल, कॉम्बोचे एवढे होतील. आपण मान डोलावतो आणि पैशांच्या जुळवाजुळवीला लागतो. हा कॉम्बो म्हणजे नेमके काय, तो असा एकजीव का केला, कुणाच्या सोयीसाठी केला आणि त्याचा भुर्दंड कुणावर पडला, हे विचारायची आपल्याला सवय नाही. मी बी.कॉम. झालेली, एका पतसंस्थेत कारकून. संध्याकाळी वस्तीतल्या मुलामुलींचे फॉर्म भरून देणे, कागदपत्रे पाहणे हे माझे काम. यंत्रातले शिक्षण मला नाही. पण हिशेब कळतो, आणि हा हिशेबाचाच मामला आहे, म्हणून चार शब्द लिहिते आहे.

लॅमिनेशन हा शब्द आपल्या घरांना नवा नाही. जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, मुलीचे पहिले प्रमाणपत्र आपण झेरॉक्सच्या दुकानात नेऊन प्लास्टिकमध्ये बसवून घेतो. यंत्राचे गरम रूळ फिरतात, मधून पाकीट जाते, आतला गोंद वितळतो आणि कागद व प्लास्टिक एक होतात. आत एखादा केस गेला तर तो जन्मभर दिसतो. रूळ नीट तापले नसतील तर चंदेरी फुगे राहतात. आणि एकदा चिकटले की सोडवता येत नाही, सोडवायला जावे तर कागदच फाटतो. म्हणून काही कार्यालयांत बजावून सांगतात की मूळ दाखला लॅमिनेट करू नका, उद्या शिक्का मारायचा तर मारायचा कुठे? पण दुसरी बाजूही आहे. २०२१ च्या जुलैमध्ये महाडात सावित्रीचे पाणी शिरले तेव्हा ओळखीच्या किती घरांत ट्रंकेतल्या कागदांचा लगदा झाला, आणि लॅमिनेट केलेले दाखले मात्र चिखल पुसून पुन्हा फायलीत गेले. ज्यांच्या कडा कात्रीने अगदी कागदालगत कापल्या होत्या, त्यांच्यातच तेवढे पाणी गेले होते. जो गोंद वाचवतो तोच सोडवू देत नाही. मोबाइलच्या पडद्याची गोष्ट थेट हीच आहे.

आपल्याला वाटते पडदा म्हणजे एक काच. प्रत्यक्षात ती थरांची थप्पी आहे. अगदी खाली उजेड देणारा भाग, त्याला बॅकलाइट म्हणतात. त्यावर प्रकाशाला शिस्त लावणारी एक फिल्म. मग दोन पातळ काचा आणि त्या दोहोंच्या मध्ये एक अजब द्रव पदार्थ, ज्याला लिक्विड क्रिस्टल म्हणतात. या दोन काचांमधले अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावे लागते, जेमतेम तीन ते पाच भाग. खालच्या काचेवर लाखो सूक्ष्म बटणे कोरलेली, वरच्या काचेवर लाल, हिरवे, निळे ठिपके. त्यावर पुन्हा एक फिल्म. मग बोटाचा स्पर्श ओळखणारी जाळी. आणि सर्वांत वर ती जाड, मजबूत काच, जी आपल्या हातून पडते आणि फुटते.

हा अजब पदार्थ सापडला तो १८८८ मध्ये. फ्रीड्रिख रायनित्झर नावाच्या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला गाजरातून काढलेल्या एका पदार्थाचा अभ्यास करताना दिसले की तो एकदा वितळून गढूळ होतो आणि आणखी तापवला की मग स्वच्छ होतो, म्हणजे त्याला वितळण्याचे दोन बिंदू आहेत. द्रवासारखा वाहणारा आणि स्फटिकासारखा शिस्तीत राहणारा असा तो पदार्थ. त्याचे करायचे काय हे कुणाला सुचायला ऐंशी वर्षे गेली. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या आरसीए कंपनीने त्यापासून केलेला पडदा जगाला दाखवला. आमच्या पतसंस्थेत जुन्या हिशेबनीसांच्या टेबलावर जे राखाडी आकडे दाखवणारे कॅल्क्युलेटर असत, ती याच शोधाची स्वस्त पोरे.

तो पडदा करायचा कसा, यातच खरी मेख होती. पूर्वी दोन काचा आधी कडेने चिकटवत, एक बारीक भोक ठेवत, सगळी हवा काढून घेत आणि ते भोक त्या द्रवात बुडवत. मग हवा आत सोडली की तिच्या दाबाने द्रव हळूहळू आत सरके. लहान पडद्याला हे चाले. टीव्हीएवढा पडदा भरायला मात्र एकेक दिवस आणि कधी त्याहून जास्त वेळ जाई. नंतर कुणीतरी उलटा विचार केला. काचा चिकटवायच्या आधीच खालच्या काचेवर द्रवाचे मोजून थेंब ठेवायचे, हवा काढलेल्या पेटीत दुसरी काच अलगद वर ठेवायची आणि कडेचा गोंद अतिनील प्रकाशाने पक्का करायचा. दिवसांचे काम मिनिटांवर आले. भोक बुजवायची एक पायरीच नाहीशी झाली. आज मजुराच्या घरातही भिंतीवर सपाट टीव्ही दिसतो, त्याच्या किमतीमागे अशा साध्या वाटणाऱ्या युक्त्या आहेत. मला तरी यातली हुशारी मोठ्या शोधाहून कमी वाटत नाही.

दुसरी अशीच गोष्ट वरच्या काचेची. सुरुवातीच्या टच मोबाइलमध्ये वरची काच आणि खालचा डिस्प्ले यांच्यात हवेची फट असे. कडेला दोन बाजूंनी चिकटणारी पट्टी, बस्स. काच फुटली की मेकॅनिक पट्टी गरम करून काच उचलत असे आणि तीन-चारशे रुपयांत 'टच' बदलून देत असे. पण या फटीचे तोटेही होते. काच आणि हवा जिथे जिथे भेटतात तिथे साधारण चार टक्के प्रकाश परत फिरतो. फट असली की काचेची खालची बाजू आणि डिस्प्लेची वरची बाजू, दोन्हीकडून चकाकी येते. शेताच्या बांधावर उन्हात उभे राहून मोबाइल पाहायचा तर हाताची छत्री करावी लागे. शिवाय फटीत धूळ जाई, पावसाळ्यात ओल जाई.

म्हणून ती फटच भरून टाकली. दोन्हीकडे चिकटणारी, काचेसारखी पारदर्शक गोंदाची फिल्म निघाली. मेकॅनिक तिला 'ओसीए' म्हणतात. तिचा वरचा कागद काढा, डिस्प्लेवर बसवा, दुसरा कागद काढा, वर काच बसवा, हवा काढलेल्या यंत्रात दाबा. राहिलेले फुगे घालवायला दाबाच्या भांड्यात थोडी ऊब द्या. काही ठिकाणी फिल्मऐवजी पातळ गोंद ओततात आणि अतिनील दिव्याखाली घट्ट करतात, पण तो कडेने ओघळतो, पुसत बसावे लागते. फिल्मचे काम स्वच्छ. पुढे स्पर्श ओळखणारी जाळीसुद्धा वेगळी ठेवली नाही, ती डिस्प्लेच्याच पोटात घातली. २०१२ च्या आयफोन ५ मध्ये ही पद्धत होती, आणि पुढच्या काही वर्षांत ती साध्या मोबाइलपर्यंत उतरली. एक थर कमी, एक गोंद कमी, एक तपासणी कमी. मोबाइल पातळ झाला, उन्हात दिसू लागला.

कागदासारखा दिसणारा जो पडदा पुस्तके वाचण्याच्या यंत्रात असतो, त्याचीही तऱ्हा ऐकण्यासारखी आहे. काळे-पांढरे कण भरलेल्या सूक्ष्म गोळ्यांचा थर प्लास्टिकवर आधीच पसरून ठेवतात, त्याला मागून गोंद आणि संरक्षक कागद लावलेला असतो. हवा तेवढा तुकडा कापायचा, कागद सोलायचा आणि मागच्या पाटीवर लॅमिनेट करायचा. १९९७ मध्ये अमेरिकेत निघालेल्या ई इंक कंपनीचे काम या धर्तीवर चालते. घरात स्टिकर लावावा इतके हे ऐकायला सोपे आहे.

थोडक्यात, कारखान्याने आपले काम सोपे करून घेतले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझा मुद्दा पुढचा आहे.

पोलादपूरकडची एक बाई माझ्याकडे आली होती. महामार्गावरच्या हॉटेलात भाकऱ्या भाजते, साडेतीनशे रुपये हजेरी. मुलगी महाडला कॉलेजात, घरातली पहिलीच. अभ्यासाच्या नोट्स, परीक्षेचे वेळापत्रक, शिष्यवृत्तीचा अर्ज, सगळे त्या एका मोबाइलवर. तो ओट्यावरून पडला आणि काचेवर कोळ्याचे जाळे उमटले. एका दुकानात त्यांना सांगितले, कॉम्बो बदलावा लागेल, अठ्ठावीसशे रुपये. मी कागदावर भागाकार करून पाहिला. आठ दिवसांची हजेरी, आणि त्या आठ दिवसांत घरात चूल पेटवायची नाही, असा हिशेब. मुलगी मला म्हणाली, "मावशी, फुटलेलाच वापरते. बोटाला काच लागते, पण चालतंय." तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना चिकटपट्टी होती.

महाडात आपल्याच वस्तीतला एक मुलगा दुरुस्तीचे छोटे दुकान चालवतो. बारावीनंतर मुंबईला एका दुकानात चार वर्षे राबला, तिथे शिकला आणि गावी परतला. मी त्या दोघींना तिकडे घेऊन गेले. "जयभीम ताई," म्हणत त्याने मोबाइल हातात घेतला, दिव्याखाली आडवा-उभा धरला, पांढरा पडदा लावून पाहिला, चारी कोपऱ्यांवर बोट फिरवले.

"मावशी, चित्र साफ आहे. कुठं रेघ नाही, काळा डाग नाही. बोट पण चालतंय. डिस्प्लेला काही झालं नाही, नुसती वरची काच गेलीये."

"मग ते कॉम्बो का म्हणाले?" मुलीने विचारले.

"कॉम्बो बदलायला अर्धा तास लागतो. काच बदलायला दोन तास लागतात आणि हात थरथरला तर डिस्प्ले जातो. नुकसान कोण घेणार?"

काचेचे त्याने साडेसहाशे सांगितले. आणि आधीच स्पष्ट केले की काढताना डिस्प्ले गेला तर साडेसहाशे घेणार नाही, पण नवा कॉम्बो त्यांना आणावा लागेल. ही अट ऐकून ती माउली माझ्याकडे पाहू लागली. मी तिला सांगितले, धोका आहे, पण तो सांगूनसवरून आहे. न सांगता अठ्ठावीसशे घेण्यापेक्षा मला हा व्यवहार सरळ वाटतो.

मग दोन तास मी तिथेच बसून ते काम पाहिले. कारखान्यात जे चिकटवले ते हा मुलगा उलट्या पायऱ्यांनी सोडवत होता. आधी आतली बॅटरी वेगळी केली, पडदा चौकटीतून सोडवला. मग सुमारे ८० अंश तापलेल्या पाटीवर तो ठेवला. पाटीला बारीक भोके असतात, खालून हवा ओढली जाते आणि पडदा जागचा हलत नाही. गोंद मऊ झाल्यावर केसाहून बारीक अशी धातूची तार त्याने दोन्ही हातांत ताणली आणि काच व डिस्प्ले यांच्या मधून करवतीसारखी पुढेमागे करत नेली. आपण साबणाची वडी दोऱ्याने कापतो तशी. तार थोडी खाली गेली तर डिस्प्लेवरची फिल्म ओरबाडते, वर गेली तर काचेचे तुकडे होऊन ते खाली रुततात. त्या वीस मिनिटांत तो कुणाशी बोलला नाही. फोन वाजला तोही घेतला नाही.

काच निघाली. मग उरलेला गोंद बोटाने गुंडाळत गुंडाळत काढला, द्रावणाने पुसले. नवी काच आली होती ती मुंबईहून, मनीष मार्केटातून. तिला फिल्म आधीच लावलेली होती. कागद सोलण्यापूर्वी त्याने पंखा बंद केला, दार लोटले आणि टेबलावर ओले फडके फिरवले. धुळीचा कण आत गेला की पुन्हा सगळे पहिल्यापासून. कारखान्यात यासाठी खास गाळलेल्या हवेच्या खोल्या असतात, कामगार डोक्यापासून पायापर्यंत झाकलेले असतात. इथे ओले फडके. काच बसली, हवा काढणाऱ्या पेटीत दाबली गेली, मग फुगे घालवणाऱ्या भांड्यात काही मिनिटे. बाहेर काढले तेव्हा एका कोपऱ्यात टाचणीच्या टोकाएवढा फुगा होता. "तो रात्रीत बसेल," तो म्हणाला. मुलीने दुसऱ्या दिवशी कळवले की बसला.

साडेसहाशे रुपये म्हणजे दोन दिवसांची हजेरी. आठ आणि दोन यांत जे सहा दिवस आहेत, त्यांच्यासाठी मी हा लेख लिहिते आहे.

प्रत्येक मोबाइलला हे जमते असे मात्र नाही. महाग मोबाइलमध्ये 'ओलेड' पडदा असतो. त्याला मागून उजेड लागत नाही, ठिपके स्वतःच प्रकाशतात. तो इतका पातळ असतो की तार फिरवताना सहज मरतो. वाकड्या कडांच्या काचा तर काही ठिकाणी गोठवून वेगळ्या करतात, तसली यंत्रे आपल्याकडच्या छोट्या दुकानात कुठून असणार? चित्रावर उभ्या रेघा आल्या, शाई सांडल्यासारखा काळा डाग पसरला, तर आतली काच फुटली असे समजावे. तिथे कॉम्बोला पर्याय नाही. पुराच्या वेळी बुडालेल्या मोबाइलच्या पडद्यांवर ढगांसारखे पांढरे डाग दिसत, ते वरच्या थरात पाणी गेल्याने नव्हते. तिथे तर जागाच नव्हती. पाणी मागच्या बाजूने बॅकलाइटच्या पापुद्र्यांत शिरले होते. म्हणून दुकानात गेल्यावर 'किती होतील' हा प्रश्न नंतर विचारावा. आधी विचारावे, चित्र शाबूत आहे का, बोट चालते का, नुसती काच बदलता येईल का, काढताना बिघडले तर कुणाचे, आणि बसवणार तो माल मूळ कंपनीचा की नक्कल. एवढे विचारले की दुकानदारही जपून बोलतो.

आता कुणी म्हणेल, हे सगळे परदेशी कारखान्यांचे, आपल्या महाराष्ट्राचा त्यात काय संबंध? संबंध आहे, आणि तो फारसा सुखाचा नाही. औरंगाबादजवळच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या चितेगावात व्हिडिओकॉनचा टीव्हीचा मोठा कारखाना होता. या कंपनीने २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा रंगीत पिक्चर ट्यूबचा परदेशांतला धंदा विकत घेतला. पिक्चर ट्यूब म्हणजे टीव्हीचा तो जुना, पोट सुटलेला काचेचा फुगा. नेमके त्याच काळात थेंब ठेवून काचा जोडण्याची युक्ती सपाट पडदे स्वस्त करत चालली होती. थोड्याच वर्षांत फुगा बाजारातून गेला. कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेली, त्याला तेल, दूरसंचार आणि कर्जे अशी इतरही कारणे होती. पण चितेगावच्या पाळीवर जाणाऱ्या कामगाराला कोण सांगणार होते की कुठल्यातरी दूरच्या कारखान्यात एक भोक बुजवायची पायरी कमी झाली आहे आणि ती तुझ्या पगारापर्यंत येणार आहे?

त्यानंतर पडद्याचा कारखाना महाराष्ट्रात येण्याची चर्चा तळेगावच्या निमित्ताने पुन्हा झाली. वेदांता आणि फॉक्सकॉन यांच्या सेमीकंडक्टर व डिस्प्लेच्या प्रकल्पाचा करार सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातशी झाला, तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ उठला ते वाचकांना आठवत असेल. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्यातून अंग काढून घेतले, म्हणजे तिकडेही तो ठरल्याप्रमाणे झाला नाही. आपल्या देशात टीव्ही जोडतात, रांजणगावला एलजीचा कारखानाच आहे, पण दोन काचांमध्ये द्रव भरलेला मूळ पडदा बहुतेक करून बाहेरूनच येतो.

काच, टच आणि डिस्प्ले चिकटवून तयार भाग करणे हे त्या मानाने कमी भांडवलाचे काम आहे, आणि ते आता इकडे यावे असे सरकारलाही वाटते. २०२५ च्या मार्चमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांसाठी २२,९१९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, तिच्यात डिस्प्लेचा हा जोडभाग स्पष्टपणे आहे. आमच्या महाडच्या एमआयडीसीत रसायनांचे कारखाने आहेत, तिथल्या वासाची आणि ठेकेदारीची गोष्ट मी निराळी सांगेन. मला एवढेच वाटते की अशा योजनेतली प्रशिक्षणे कुठल्या तालुक्यात होणार, हे आपल्या कार्यकर्त्यांनी आत्ताच विचारायला हवे. बारीक नजर आणि स्थिर हात यांना डोनेशन लागत नाही.

दुरुस्तीच्या हक्काचेही बोलणे सुरू झाले आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये यासाठी समिती नेमली आणि त्या वर्षीच्या २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, कंपन्यांची दुरुस्तीची माहिती एकत्र देणारे संकेतस्थळ सुरू केले. युरोपात २० जून २०२५ पासून नियम लागू झाला की मोबाइलची विक्री थांबल्यावरही सात वर्षे सुटे भाग मिळाले पाहिजेत, आणि मोबाइल दुरुस्तीला किती सोपा हे खोक्यावर छापले पाहिजे. चांगलेच आहे. पण तिथेही 'सुटा भाग' म्हणजे डिस्प्लेचा सगळा जोड. नुसती काच कंपनीने विकावी असा आग्रह कुणी धरलेला मला दिसला नाही. पोलादपूरच्या त्या माउलीला हवी होती ती नुसती काच. ज्याने चिकटवले त्यानेच सोडवायची रीतही छापून द्यावी, असे मला कारकुनी बुद्धीने वाटते. खतावणीत जमेची बाजू लिहिली की खर्चाचीही लिहावी लागते.

त्या मुलाच्या दुकानात आता वस्तीतल्या दोन मुली शिकायला येतात, दुपारी दोन ते पाच. फी घेत नाही, पण नियम कडक. आधी महिनाभर फक्त भंगारातल्या पडद्यांवर तार फिरवायची. मागच्या आठवड्यात मी गेले तेव्हा एकीने दोन डिस्प्ले मोडले होते आणि तिसऱ्याची काच अखंड उतरवली होती. मी म्हटले, "आता गिऱ्हाइकाचा दे की तिला." तो हसला आणि मोडक्या पडद्यांची पिशवी तिच्यापुढे सरकवत म्हणाला, "अजून वीस आहेत, ताई."